दहा वर्षांचा नफा, आजच्या रुपयांत

पुण्याची बँक ऑफ महाराष्ट्र आणि कुंभकोणमची सिटी युनियन बँक. एक सरकारी, दुसरी खासगी. २०१५-१६ ते २०२४-२५ या दहा आर्थिक वर्षांचे दोघींचे निव्वळ नफ्याचे आकडे एकाखाली एक मांडून बेरीज केली, तर पहिलीची येते सुमारे ७,०७० कोटी रुपये आणि दुसरीची सुमारे ७,१३० कोटी. दहा वर्षांच्या कमाईत दोघी जवळपास बरोबरीत. पण फक्त शेवटच्या वर्षाकडे, २०२४-२५ कडे पाहिले, तर पुण्याच्या बँकेचा नफा ५,५२० कोटी आणि कुंभकोणमच्या बँकेचा १,१२४ कोटी, म्हणजे जवळजवळ पाचपट फरक.

या दोन बँकांचे शेअर घ्यायचे झाले तर भाव कशावर ठरवायचा? शेवटच्या वर्षावर की दहा वर्षांवर? बाजारात रोज छापून येणारे पी-ई गुणोत्तर, म्हणजे शेअरच्या भावाला शेअरमागील नफ्याने भागून येणारा आकडा, शेवटच्या बारा महिन्यांवर बेतलेला असतो. साबण किंवा बिस्किटे विकणाऱ्या कंपनीला तो बऱ्यापैकी चालतो. बँकेला मात्र तो फसवा ठरतो, आणि एखाद्या राज्यात किंवा प्रदेशात मुळे असलेल्या मध्यम बँकेला तर जास्तच. तिथले दोन-तीन उद्योग बसले की बँकेचा ताळेबंदही बसतो.

एका वर्षाच्या नफ्यावर विसंबू नये हे सांगणारे पहिले मोठे नाव बेंजामिन ग्रॅहॅम यांचे. १९२९ च्या पडझडीनंतर त्यांनी डेव्हिड डॉड यांच्यासोबत लिहिलेल्या १९३४ च्या ग्रंथात सात ते दहा वर्षांच्या सरासरी नफ्याशी भाव ताडून पाहण्याचा आग्रह आहे. पुढे जॉन कॅम्पबेल आणि रॉबर्ट शिलर या अर्थतज्ज्ञांनी १९८८ मध्ये त्यात एक महत्त्वाची भर घातली. जुन्या वर्षांचा नफा जुन्या रुपयांत, त्यांच्या बाबतीत जुन्या डॉलरांत, न मोजता महागाईनुसार आजच्या किमतीत आणायचा, मग दहा वर्षांची सरासरी काढायची आणि तिने भावाला भागायचे. हेच शिलर पी-ई किंवा ‘केप’ गुणोत्तर. अमेरिकी बाजारासाठी ते १९२९ च्या सप्टेंबरमध्ये ३० च्या वर होते आणि १९९९ च्या अखेरीस ४४ च्या आसपास पोहोचले होते. दोन्ही वेळा पुढे बाजार कोसळला. शिलर यांना २०१३ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले.

शिलर यांनी हे माप अख्ख्या बाजारासाठी बनवले, हे विसरून चालणार नाही. पाचशे कंपन्यांत काही बुडतात, काही वर येतात आणि सरासरीत ते सामावून जाते. एका बँकेला ते लावताना काय होते, हे या प्रकरणात आकड्यांनिशी पाहू. उदाहरण म्हणून बँक ऑफ महाराष्ट्रच घेऊ, कारण तिच्याइतका बोलका दहा वर्षांचा हिशेब मला दुसरा दिसला नाही.

आधी बँकेचा नफा हा प्रकार नीट समजून घ्यायला हवा. समजा, एका बँकेने २०११ मध्ये पोलाद कारखान्याला १०० कोटींचे कर्ज १२ टक्क्यांनी दिले. ठेवीदारांना सात टक्के दिल्यावर बँकेकडे वर्षाला पाच कोटी उरले. चार वर्षांत वीस कोटी नफ्यात जमा झाले, त्यावर कर भरला गेला, लाभांश वाटला गेला आणि शेअरचा भावही चढला. २०१५ मध्ये कारखान्याचा हप्ता थकला. नव्वद दिवस उलटले, खाते एनपीए, म्हणजे अनुत्पादक कर्ज, झाले. नियमानुसार पहिल्या वर्षी बँकेला कर्जाच्या १५ टक्के रकमेची तरतूद करावी लागते, म्हणजे तेवढी रक्कम नफ्यातून बाजूला काढावी लागते. वर्षभरानंतर खाते ‘संशयित’ वर्गात जाते. तिथे तारण असलेल्या भागावर तरतूद २५ टक्के, मग ४० टक्के आणि या वर्गात तीन वर्षे उलटल्यावर पूर्ण १०० टक्के होते. म्हणजे २०११ ते २०१५ चा वीस कोटींचा नफा खरा होता की नाही, हे कळायला २०१९-२० उजाडले. वसुली झाली नाही तर वीस कोटी कमावण्यासाठी बँकेने शंभर कोटी घालवले, असा त्याचा अर्थ.

बँकेच्या वार्षिक अहवालातला नफा हा अशा प्रकारे एक अंदाज असतो आणि तो खरा की खोटा हे पुढची पाच-सात वर्षे ठरवतात. कोरडवाहू जमीन विकत घेताना कोणी एका बऱ्या पावसाच्या वर्षातले पीक पाहून भाव देत नाही. गावातली जुनी माणसे गाठून दहा-बारा वर्षांत किती वेळा दुबार पेरणी झाली हे विचारले जाते. बँकेच्या शेअरलाही तोच न्याय हवा.

आता पुण्याच्या बँकेकडे येऊ. प्रा. वा. गो. काळे आणि धों. कृ. साठे यांच्या पुढाकाराने १६ सप्टेंबर १९३५ रोजी तिची नोंदणी झाली आणि फेब्रुवारी १९३६ मध्ये पुण्यात कामकाज सुरू झाले. अधिकृत भांडवल होते दहा लाख रुपये. जुलै १९६९ मध्ये राष्ट्रीयीकरण झालेल्या चौदा बँकांत ती होती. २००४ मध्ये तिने लोकांना शेअर विकले, दहा रुपये दर्शनी किमतीचा शेअर २३ रुपयांना. महाराष्ट्रातल्या किती तरी नोकरदार आणि निवृत्त लोकांच्या डीमॅट खात्यात तो शेअर तेव्हापासून आहे.

२००५-०६ ते २०१४-१५ या दहा वर्षांत बँकेने एकदाही तोटा दाखवला नाही. दहा वर्षांचा मिळून नफा सुमारे ३,८०० कोटी. त्यातले सर्वांत चांगले वर्ष २०१२-१३, ७६० कोटींचे. मग २०१५ च्या उत्तरार्धात रघुराम राजन गव्हर्नर असताना रिझर्व्ह बँकेने सर्व मोठ्या बँकांच्या कर्जांची कसून तपासणी सुरू केली. पुनर्रचनेच्या नावाखाली जिवंत ठेवलेली खाती एनपीए म्हणून दाखवावी लागली. बँक ऑफ महाराष्ट्रचे पुढचे आकडे असे : २०१५-१६ मध्ये नफा १०१ कोटी. २०१६-१७ मध्ये तोटा १,३७३ कोटी. २०१७-१८ मध्ये तोटा १,१४६ कोटी. २०१८-१९ मध्ये तोटा ४,७८४ कोटी. जून २०१७ मध्ये रिझर्व्ह बँकेने तिला ‘पीसीए’खाली, म्हणजे तातडीच्या सुधारणेच्या निर्बंधांखाली आणले. मार्च २०१८ अखेर ढोबळ एनपीए १९.४८ टक्के होते, म्हणजे दिलेल्या दर पाच रुपयांतला जवळजवळ एक रुपया अडकलेला.

२०१८-१९ च्या त्या तोट्याकडे जरा थांबून पाहायला हवे. ४,७८४ कोटी हा आकडा आधीच्या दहा वर्षांच्या सगळ्या नफ्यापेक्षा मोठा आहे. पण त्याच वर्षी, ३१ जानेवारी २०१९ रोजी, बँक पीसीएमधून बाहेर पडली. या दोन घटना एकमेकींशी जोडलेल्या आहेत. ऑक्टोबर ते डिसेंबर २०१८ या एका तिमाहीत बँकेने बुडीत कर्जांसाठी इतकी भरघोस तरतूद केली की तोटा ३,७६४ कोटींवर गेला. तरतूद वजा जाऊन उरणारे निव्वळ एनपीए मात्र निर्बंधांच्या रेषेखाली आले. जखम साफ करण्याचा हा निर्णय कठोर होता आणि योग्यही. त्यानंतरची वर्षे पाहा : ३८९, ५५०, १,१५२, २,६०२, ४,०५५, ५,५२० कोटी नफा. मार्च २०२५ अखेर ढोबळ एनपीए १.७४ टक्के. चालू आणि बचत खात्यांतल्या स्वस्त ठेवींचे प्रमाण एकूण ठेवींच्या निम्म्याहून जास्त, म्हणजे सरकारी बँकांत अगदी वरच्या फळीतले. अशी उसळी भारतीय बँकिंगमध्ये क्वचितच दिसली आहे आणि तिचे श्रेय ज्यांनी ती घडवली त्यांना मोकळेपणाने द्यायला हवे.

सिटी युनियन बँकेचे दहा वर्षांचे आकडे याच्या शेजारी ठेवले तर सपाट रस्ता वाटतो : ४४५, ५०३, ५९२, ६८३, ४७६, ५९३, ७६०, ९३७, १,०१६, १,१२४ कोटी. १९०४ मध्ये कुंभकोणमला सुरू झालेली ही बँक प्रामुख्याने तमिळनाडूतल्या छोट्या व्यापाऱ्यांना आणि उद्योजकांना तारण घेऊन कर्ज देते, सोन्यावर देते. करोनाच्या तोंडावरचे वर्ष सोडले तर तिची घसरण कुठे दिसत नाही.

आता महागाईचा हिशेब. ग्राहक किंमत निर्देशांक २०१५-१६ मध्ये सरासरी १२५ च्या आसपास होता, २०१८-१९ मध्ये १४० च्या आसपास आणि २०२४-२५ मध्ये १९३ च्या आसपास. म्हणून २०१५-१६ चा एक रुपया २०२४-२५ च्या १ रुपया ५४ पैशांच्या बरोबरीचा, तर २०१८-१९ चा १ रुपया ३८ पैशांच्या. दर वर्षाचा नफा त्या-त्या वर्षाच्या पटीने गुणायचा, एवढेच काम.

सिटी युनियनचा हिशेब केला तर ७,१३० कोटींची बेरीज आजच्या, म्हणजे २०२४-२५ च्या, रुपयांत सुमारे ८,७०० कोटी होते. यात नवल नाही. जुना नफा आजच्या रुपयांत मोजला की मोठा होतो, म्हणून बहुतेक कंपन्यांत महागाईची जुळणी केल्यावर सरासरी वाढतेच. बँक ऑफ महाराष्ट्रच्या बाबतीत उलटे घडते. तिची ७,०७० कोटींची बेरीज घटून सुमारे ५,०७० कोटी होते. कारण तिचे तोटे जुने आहेत आणि नफे नवे. २०१८-१९ चा ४,७८४ कोटींचा तोटा आजच्या रुपयांत ६,६०० कोटींचा होतो, तर २०२४-२५ चा नफा आहे तेवढाच राहतो. कागदावर बरोबरीत दिसणाऱ्या दोन बँकांत महागाई धरल्यावर साडेतीन हजार कोटींहून अधिक अंतर पडते. नुसती बेरीज करणाऱ्याला हे अंतर दिसतच नाही.

मार्च २०२५ अखेर बँक ऑफ महाराष्ट्रचा भाव पन्नासच्या थोडा खाली होता. हिशेब सोपा म्हणून ५० धरू. शेअरची संख्या सुमारे ७६९ कोटी, म्हणजे बाजारमूल्य सुमारे ३८,५०० कोटी. शेवटच्या वर्षाच्या नफ्यावर पी-ई येते सात. कोणीही म्हणेल, स्वस्त आहे. दहा वर्षांच्या महागाई-जुळवलेल्या सरासरीवर, म्हणजे वर्षाला ५०७ कोटींवर, तेच गुणोत्तर होते ७६. सिटी युनियनचा शेअर तेव्हा दीडशेच्या आसपास होता. एका वर्षाच्या नफ्यावर दहापट आणि दहा वर्षांच्या सरासरीवर तेरापट. तिथे दोन मापांत फारसे भांडण नाही. पुण्याच्या बँकेत मात्र सात आणि शहात्तर, इतके भांडण.

आणि अजून खरी मेख यायचीच आहे. वरचा हिशेब मी संपूर्ण बँकेच्या नफ्यावर केला. पण आपण संपूर्ण बँक विकत घेत नाही, शेअर घेतो. मार्च २०१६ मध्ये बँकेचे शेअर होते सुमारे ११७ कोटी. मार्च २०२० मध्ये ते ५८२ कोटी झाले आणि मार्च २०२५ मध्ये ७६९ कोटी. तोट्याने खाल्लेले भांडवल सरकारने पुन्हा पुन्हा भरले आणि त्या बदल्यात पडलेल्या भावात नवे शेअर घेतले. पुढे बँकेने मोठ्या गुंतवणूकदार संस्थांनाही नवे शेअर विकले. सरकारने पैसे घातले नसते तर बँक उभी राहिली नसती हे खरेच. पण ज्याच्याकडे २०१६ मध्ये शंभर शेअर होते, त्याचा बँकेतला वाटा साडेसहा पटींनी पातळ झाला. सिटी युनियनमध्येही शेअरची संख्या वाढली, पण ती मुख्यतः बोनस शेअरमुळे, म्हणजे जुन्या भागधारकाचा वाटा कायम राहून.

म्हणून हिशेब शेअरमागे करायचा. २०१६-१७ आणि २०१७-१८ या दोन वर्षांत तोटा वाटून घ्यायला जेमतेम ११७ कोटी शेअर होते. त्यामुळे त्या दोन वर्षांचाच तोटा शेअरमागे वीस रुपयांहून अधिक भरतो. २०१९-२० पासूनच्या सहा वर्षांचा नफा मात्र पाचशे-सहाशे-सातशे कोटी शेअरमध्ये वाटला गेला. तो सगळा मिळून शेअरमागे सुमारे वीस रुपये. म्हणजे सहा वर्षांच्या झळाळत्या नफ्याने पहिल्या दोन वर्षांचे नुकसान कसेबसे भरून निघते आणि २०१८-१९ चा सर्वांत मोठा तोटा तसाच उरतो. शिलर यांच्या पद्धतीने, शेअरमागे आणि महागाई धरून, या बँकेची दहा वर्षांची सरासरी कमाई ऋण येते. ऋण संख्येने भागून येणाऱ्या पी-ईला काही अर्थ नसतो. २००४ मध्ये २३ रुपयांना घेतलेला शेअर मार्च २०२५ अखेर पन्नासच्या घरात होता. तेवढ्या काळात किराणा, भाडे आणि औषधे मिळून जगण्याचा खर्च साडेतीन पटींहून अधिक वाढला होता. लाभांश मिळाला तो वेगळा, पण मधली काही वर्षे तोही नव्हता. जुन्या भागधारकाला ऋण सरासरीचा अर्थ समजावून सांगावा लागणार नाही.

मग हे माप वापरून भाव ठरवता येतो का? मागे जाऊन पाहू. मार्च २०१५ मध्ये बँकेचा शेअर चाळीसच्या आसपास होता. आधीच्या दहा वर्षांची महागाई-जुळवलेली सरासरी काढली तर तो आठपटीच्या आसपास, म्हणजे चांगलाच स्वस्त दिसत होता. पुढच्या पाच वर्षांत, करोनाच्या घबराटीत, भाव दहाच्या खाली गेला. २०२० मध्ये सरासरी खोल ऋण झालेली होती, माप मुके होते, आणि नेमका तेव्हाच घेतलेला शेअर पाच वर्षांत पाचपट झाला. माप स्वस्त म्हणाले तेव्हा घेणारा बुडाला आणि ते गप्प बसले तेव्हा घेणारा तरला. हे लपवून या पद्धतीची शिफारस करणे मला अप्रामाणिकपणाचे वाटते.

दहा वर्षांची सरासरी मागे पाहते, एवढेच याचे कारण नाही. २००५ ते २०१५ या दहा वर्षांत बँकिंगचे पूर्ण चक्र आलेच नव्हते. सरकारी बँकांचे ढोबळ एनपीए १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात पंधरा टक्क्यांच्या वर होते, पुढच्या दशकात दोन-अडीच टक्क्यांपर्यंत उतरले आणि मार्च २०१८ मध्ये पुन्हा साडेचौदा टक्क्यांच्या वर गेले. एका शिखरापासून दुसऱ्या शिखरापर्यंत वीसेक वर्षे. दहा वर्षांची खिडकी सुकाळावर पडली तर सरासरी गोड दिसते, दुष्काळावर पडली तर कडू. बँकेसाठी पंधरा ते वीस वर्षांचे आकडे घ्यावेत, असे माझे मत आहे. जिथे ते मिळत नाहीत तिथे निदान एक मोठा एनपीएचा तडाखा त्या खिडकीत येतो की नाही हे पाहावे.

काही धोके तर कितीही वर्षांच्या नफ्यात दिसत नाहीत. अमेरिकेतली सिलिकॉन व्हॅली बँक १० मार्च २०२३ रोजी बंद झाली. २०२२ च्या अखेरीस तिची मालमत्ता २०० अब्ज डॉलरांच्या वर होती आणि बंद पडण्याआधीची दहाही वर्षे ती नफ्यात होती. तिने स्वस्त ठेवी दीर्घ मुदतीच्या रोख्यांत गुंतवल्या होत्या. व्याजदर वाढले, रोख्यांच्या किमती पडल्या. मुदतपूर्तीपर्यंत ठेवायचे म्हणून दाखवलेल्या रोख्यांवरचा न नोंदवलेला तोटा सुमारे १५ अब्ज डॉलर झाला, जवळजवळ बँकेच्या सगळ्या भांडवलाएवढा. तो नफातोटा पत्रकात कुठेच नव्हता, ताळेबंदाच्या टिपांत होता. ९ मार्चच्या एका दिवसात ठेवीदारांनी ४२ अब्ज डॉलर काढायला घेतले. नफ्याच्या सरासरीवर नजर लावून बसलेल्याला यातले काही आधी कळले नसते.

महागाईबद्दल आणखी एक गोष्ट सांगायला हवी. कारखान्याकडे जमीन असते, यंत्रे असतात आणि महागाईत त्यांची किंमतही वाढते. बँकेची मालमत्ता म्हणजे कर्जे, आणि कर्ज रुपयांत ठरलेले असते. तिकडे घराच्या किमती वाढल्या, खते-बियाणे महागली की तेवढ्याच घरांना आणि तेवढ्याच शेतांना कर्ज द्यायला जास्त रुपये लागतात. जास्त कर्ज म्हणजे नियमाप्रमाणे जास्त भांडवल. समजा, बँकेचे भांडवल १०० रुपये, वर्षाचा नफा १२ रुपये आणि महागाई पाच टक्के. आहे तेवढाच खरा व्यवसाय टिकवायला भांडवल १०५ व्हायला हवे. म्हणजे बारातले पाच रुपये जागच्या जागी उभे राहण्यासाठी खर्ची पडले. भागधारकाचे खरे उत्पन्न सातच. केप गुणोत्तर जुना नफा आजच्या रुपयांत आणते, पण ही वजावट करत नाही. ती आपल्यालाच करावी लागते.

नागरी सहकारी बँकांच्या सभासदांना या सगळ्याचा उपयोग नाही. त्यांचा शेअर दर्शनी किमतीलाच घ्यायचा आणि त्याच किमतीला परत करायचा असतो. प्रादेशिक ग्रामीण बँकांचे शेअर तर बाजारात येतच नाहीत. हे प्रकरण शेअर बाजारात रोज खरेदी-विक्री होणाऱ्या बँकांपुरते आहे.

मग एका बँकेसाठी ही पद्धत वापरायची कशी? माझ्या मते उलट्या दिशेने. सरासरीवरून भाव काढू नये. भाव समोर ठेवून विचारावे, की हा भाव योग्य ठरायला सरासरी नफा किती हवा? बाजार सिटी युनियनसारख्या संथ, सातत्याच्या बँकेला दहा वर्षांच्या खऱ्या सरासरीच्या तेरापट देत होता. तीच पट बँक ऑफ महाराष्ट्रला लावू. ३८,५०० कोटी भागिले तेरा, म्हणजे सुमारे २,९५० कोटी. ५० रुपयांना शेअर घेणारा माणूस असे धरून चालला आहे, की चांगली-वाईट वर्षे मिळून, आजच्या रुपयांत, ही बँक दर वर्षी सरासरी २,९५० कोटी कमावेल. २०२४-२५ च्या नफ्याच्या जेमतेम ५४ टक्के. आता वाद घालायला ठोस काही हाती आले. मोठ्या उद्योगांऐवजी शेती, छोटे उद्योग आणि किरकोळ कर्जांकडे वळलेली बँक पुढच्या चक्रात कमी बुडेल का? स्वस्त ठेवींचा वाटा निम्म्याहून अधिक राहील का? जुन्या तोट्यांमुळे बँकेला करात जी वजावट मिळते, ती संपल्यावर नफा किती उरेल? सरकारचा वाटा मार्च २०२५ अखेर ८० टक्क्यांच्या आसपास होता आणि सेबीच्या नियमाप्रमाणे तो ७५ पर्यंत आणायचा होता. सरकारने आपले शेअर विकले तर संख्या तीच राहणार होती, बँकेने नवे काढले तर जुन्या भागधारकाचा वाटा पुन्हा पातळ होणार होता.

माझे उत्तर असे : २,९५० कोटींची सरासरी या बँकेच्या आवाक्यातली आहे, पण तिच्या हाती आजवर कधी लागलेली नाही. सातपटीचा आकडा पाहून जो हा शेअर स्वस्त म्हणतो, त्याने ढोबळ एनपीए दोन टक्क्यांच्या आत कायम राहील असे गृहीत धरले आहे. गेल्या तीस वर्षांत कुठल्याही सरकारी बँकेला ते जमलेले नाही. शहात्तरपटीचा आकडा पाहून जो महाग म्हणतो, त्याला बँक बदलू शकते हे मान्य नाही, आणि इथे ती बदललेली दिसते आहे.

तुमच्याकडे कुठल्याही बँकेचा शेअर असेल तर तिचे वार्षिक अहवाल तिच्या संकेतस्थळावर फुकट मिळतात. एक कागद घेऊन तीन रकाने आखा : निव्वळ नफा, त्या वर्षाचा किंमत निर्देशांक आणि शेअरची संख्या. पंधरा वर्षे भरा, आणि सुरुवात शेअरच्या संख्येपासून करा.